साडभाऊंची रेसर

ज्यांना काही ठरवता येत नाही अशी माणसं सहसा उदास असतात, कपाळाला हात लावून बसलेली असतात. पण न ठरवण्याचा सण साजरा करणारा माणूस अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या मुलखात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. मी थोरला जावई, अकोल्याला एका कॉलेजात ग्रंथपाल. ते धाकटे, राहायला अमरावतीला आणि शिकवायला परतवाड्याला, विषय भूगोल. "करू का नको?" हा प्रश्न आपण दबक्या आवाजात, स्वतःशी विचारतो. साडभाऊ तो अंगणात उभं राहून, दोन्ही हात पसरून, गल्लीला विचारतात. उत्तर मिळालं की त्यांना आनंद होतो. उलटं उत्तर मिळालं की दुप्पट आनंद होतो.

घर रंगवायला काढलं तेव्हा त्यांनी समोरच्या भिंतीवर प्रत्येक रंगाचा एकेक चौकोन लावून पाहिला. पिस्ता, बदामी, आकाशी, आणि दुकानदारानं ज्याची ओळख नुसती 'नवीन आला आहे' अशी करून दिली होती तो एक जांभळट प्रकार. मग जाणाऱ्या-येणाऱ्याला भिंतीसमोर उभं करून मतं घेतली. दूधवाला पिस्त्याकडे झुकला. समोरच्या निवृत्त फौजदारांनी बदामीसाठी आवाज चढवला. या गोष्टीला चार वर्षं झाली. भिंत अजून तशीच आहे. मेव्हणी पाहुण्यांना फोनवर पत्ता सांगताना म्हणते, "गल्लीत आल्यावर कोनाले इचारू नका, गोधडीवानी भिंत दिसली का तेच आमचं घर." साडभाऊ मात्र संध्याकाळी त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसतात आणि मला फोन करतात, "साडभाऊ, आज उन्हात बदामी असा खुलला म्हनता! पन पिस्ता बी काही हार मानून नाई राहिला!"

परतवाड्याच्या बसमध्ये तर त्यांची रोजची सभाच भरते. कंडक्टरपासून संत्र्याच्या टोपल्या घेऊन चढलेल्या बायांपर्यंत सगळ्यांना त्यांच्या घरातले सगळे प्रश्न माहीत असतात. मुलीला जीवशास्त्र द्यावं की गणित, हे अचलपूरच्या स्टॉपवर तीन वेळा ठरलं आणि परतवाडा येईपर्यंत तीन वेळा मोडलं. (मुलीनं गुपचूप जाऊन वाणिज्य शाखेत नाव घातलं, तेव्हा साडभाऊंनी अख्ख्या बसला पेढे दिले.) आणि त्यांची खरी गंमत पुढेच आहे: प्रत्येकाचं मत ते त्याच्या आवाजात, त्याच्या हातवाऱ्यांसकट जपून ठेवतात. मला सकाळी सहाला फोन येतो तो साडभाऊंचा; पण 'हॅलो' नंतर कधी कंडक्टर बोलत असतो, कधी फौजदार, कधी संत्रेवाली.

अशा माणसाच्या घरात, बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी, घडी घातलेल्या सतरंजीवर ती सायकल उभी आहे. सगळं सासर तिला रेसर म्हणतं. फिकट निळ्या रंगाची, पोलादी, बोटाएवढ्या बारीक टायरची, एडक्याच्या शिंगांसारखं हँडल वळवलेली, दहा गिअरची. ही मूळची आमच्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची. ते शाळेत व्यायामशिक्षक होते आणि तरुणपणी या सायकलवर शर्यती मारायचे. सहा वर्षांपूर्वी ते गेले. जाण्याआधी त्यांनी सांगून ठेवलं होतं, रेसर धाकट्याला. दसऱ्याला साडभाऊ तिला झेंडूचा हार घालतात, आणि एरवी रोज ती चालवतात, पण एकाच गिअरवर. कारण गिअर बदलला की साखळी खर्रकन उडते आणि चाकाच्या तारांत घुसते. गेली सव्वीस वर्षं हे असंच आहे.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस सहाऐवजी साडेपाचलाच फोन आला. "साडभाऊ, उठा! काल म्या परतवाड्याच्या स्टँडवर चमत्कार पाह्यला!" एक मुलगी सायकलवर धारणीकडे निघाली होती. समोर जीप आडवी आली तर ती थांबली, पण पाय जमिनीला न टेकवता! सायकल जागच्या जागी उभी, मुलगी वर बसलेली, जीपवाल्याशी भांडतेही आहे. साडभाऊंनी धावत जाऊन तिला गाठलं आणि सगळं विचारून घेतलं. त्या सायकलला म्हणे गिअर नसतो आणि फ्रीव्हीलही नसतं. मागचं दातेरी चाक सरळ चाकालाच घट्ट बसवलेलं. पाय फिरले तर चाक फिरतं, चाक फिरलं तर पाय फिरतात; उतारावरसुद्धा पाय आरामात ठेवायची सोय नाही. याला फिक्स गिअर म्हणतात. आणि जुन्या रेसिंग सायकलींची तशी सायकल करता येते, असं ती जाता जाता सांगून गेली.

झालं! त्या दिवसापासून साडभाऊंच्या आयुष्यात दुसरा प्रश्न उरला नाही. रेसर फिक्स करू का नको? चाक आणि दातेरी चक्री मागवून झाली. चक्री सोळा दातांची होती. ती त्यांनी स्टीलच्या डब्यात ठेवली, आणि पाहुण्यांना चहाआधी डबा उघडून दाखवू लागले. पण करायचं तर पुरतं करायचं, हे त्यांच्या मनानं घेतलं. मागचा गिअर ज्या पोलादी पट्टीला लटकतो ती पट्टी चौकटीचाच भाग असते. गिअर काढला की ती उगाच खाली लोंबत राहते. ती कापून टाकली म्हणजे सायकल देखणी दिसते. पण एकदा कापली की तिला पुन्हा गिअर बसणे नाही. "हे भिंतीसारखं नाई, साडभाऊ," ते मला म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला. "वापस फिरता येत नाई."

आता मला माझं सांगायला हवं. मला वापस फिरायचंच नव्हतं. ती पट्टी कापली जावी असं मनापासून वाटणारा माणूस जगात एकटा मी होतो.

सव्वीस वर्षांपूर्वीची माझी पहिली दिवाळी, अमरावतीला सासरी. जेवणं झाली, मामाजी आडवे झाले, आणि मी न विचारता रेसर बाहेर काढली. त्या सायकलला घरात कोणी हात लावत नसे. मला नव्या बायकोला दाखवायचं होतं की तिच्या वडिलांची सायकल मलाही येते. बायको झोपलेली होती ही गोष्ट वेगळी. वडाळीच्या रस्त्याला एक वासरू आडवं आलं आणि मी उजव्या अंगावर पडलो. खरचटलं काही नाही. सायकल रुमालानं पुसली, हँडल सरळ केलं, होती तिथे भिंतीला टेकवून ठेवली. संध्याकाळी साडभाऊ आले. तेव्हा त्यांचं नुसतं ठरलं होतं, लग्न व्हायचं होतं. मामाजी खुशीत होते. म्हणाले, घ्या, मारा एक चक्कर. सगळं घर ओट्यावर जमलं. साडभाऊंनी गल्लीच्या टोकाला जाऊन दिमाखात गिअरची दांडी ओढली, आणि खर्र! साखळी तारांत. मामाजी ओट्यावरून खाली उतरले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हात हाये का घन हाये, बाप्पा?"

मी खुर्चीवर बसलो होतो. हातात फराळाची बशी होती. मी एक वाक्य बोलायचं होतं. मी चकली उचलली.

तेव्हापासून सासरी कप फुटला, खिडकीची काच तडकली, कुकरची शिटी हरवली, तरी कोणीतरी हसत विचारतं, "धाकटे जावई येऊन गेले काय?" साडभाऊ त्यात सगळ्यात मोठ्यानं हसतात. मी हसत नाही, म्हणून सासूबाईंच्या लेखी मी गंभीर, समजूतदार जावई आहे. सव्वीस वर्षं माझा हा मान चालला आहे, आणि तो एका पोलादी पट्टीला लटकलेला आहे. ती कापली गेली की गिअर गेला, गिअर गेला की ती खर्र गेली, आणि कोणी कधी काही शोधायचा प्रश्नच उरला नाही.

म्हणून मी फिक्स गिअरचा कडवा प्रचारक झालो. जन्मात कधी सायकलवर दोन ओळी न वाचलेला मी, ग्रंथालयात बसून फिक्स गिअरवर वाचू लागलो. गुडघ्यांना चांगलं, मनाला चांगलं, साखळी उडत नाही, देखभाल नाही. "माणसानं कसं सदा चालतं राहावं," असंसुद्धा मी एकदा फोनवर म्हणालो. पलीकडे साडभाऊ गहिवरले. "तुमच्याइतकं माह्या सायकलचं कोनाले पडलं हाय, साडभाऊ?" म्हणाले.

त्यांनी ठरवण्याआधी सराव सुरू केला. चाळीस दिवस आपलं फ्रीव्हील नाहीच असं समजायचं. पायडल क्षणभरही थांबवायचं नाही. उतारावर ते शिवणयंत्रावर बसल्यासारखे पाय मारत जाऊ लागले. चौकात लाल दिवा लागला की थांबायची पंचाईत. मग ते वाहतूक पोलिसाभोवतीच गोल गोल फिरत राहायचे. तिसऱ्या फेरीला त्या पोलिसानं शिटी तोंडातून काढली.

"काका, माह्याभोवती परदक्षना कायले घालून राहिले?"

"सराव करून राहिलो! तुमाले काय वाटते, फिक्स करावी का गेर ठेवावा?"

"मले वाटते तुमी घरी जावं," पोलीस म्हणाला. त्याचंही मत त्याच दिवशी, शिटीसकट, माझ्यापर्यंत पोचलं. पाय थांबवायचे नाहीत ही सवय इतकी अंगात भिनली की जेवताना टेबलाखाली त्यांचे पाय हलायचे. मेव्हणीनं शेवटी माझ्या बायकोला फोन करून सांगितलं, "ताई, ह्यायले म्हना कापा, नाईतर सोन्याच्या पेटीत ठेवा, पन काहीतरी एक करा. माह्या घरात वरन-भात बी हालून राहिला."

अखेर ते अकोल्याला यायला निघाले. आमच्या जुन्या शहरात एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. अशा सायकलींना हात लावणारा या भागात तोच एक माणूस. साडभाऊ पहाटे अमरावतीहून निघाले ते रेसरवरच, नवं चाक आणि दातेरी चक्रीचा डबा पाठीवर बांधून. वाटेत जिथे पाणी प्याले तिथे मत घेतलं, आणि लगेच मला फोन. बडनेऱ्याचा चहावाला म्हणाला, गेर ठेवा. बोरगावला एक हवा भरणारा म्हणाला, ना ठेवा ना काढा, विका. पण मूर्तिजापूरच्या रसवंतीवाल्यानं कमाल केली. तो हातानं चरक फिरवत होता. साडभाऊंचा प्रश्न ऐकून म्हणाला, "मास्तर, माहं चाक फिक्सच हाये. मी थांबलो का थे थांबते, थे फिरलं का मले फिरा लागते. बारा वर्ष झाले, तक्रार नाई." साडभाऊ फोनवर ओरडतच होते, "बारा वर्ष, साडभाऊ! तक्रार नाई! मी दोन गिलास पेलो!"

दुपारी बाराच्या सुमारास ते चाचांच्या दुकानासमोर घामानं निथळत उतरले, तेव्हा मी आधीपासून तिथे बाकड्यावर होतो. साडभाऊंच्या तोंडून रेसरची सव्वीस वर्षांची कहाणी ऐकत चाचांनी सायकल उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि तिच्यावरून हात फिरवला. "क्या चीज हाये, मास्तर. पुरानी हड्डी." गिअर सोडवून बाजूला ठेवला. पट्टीवर खडूनं रेघ ओढली. आरीला नवं पातं लावलं. सगळं इतकं सरळ चाललं होतं की मी निर्धास्त होऊन बाकड्यावर मागे टेकलो. आरी पट्टीला टेकली.

"एक मिनिट, चाचा!" साडभाऊ म्हणाले.

चाचांनी आरी उचलली. साडभाऊ माझ्याकडे वळले. चेहरा उन्हानं लाल, डोळे चमकत होते. "साडभाऊ, आजवर म्या साऱ्या दुनियेले इचारलं. तीस लोकं हो म्हनतात, तीस नाई म्हनतात. तुमी सासरचे मोठे. मामाजी नाईत, आता तुमीच. तुमी म्हनान तसं. कापू का नको?"

'कापा' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. सहा महिने मी तोच घोकत होतो. पण ते मला मामाजींच्या जागी उभं करून विचारत होते.

"मी पडलो होतो," मी म्हणालो.

"कुठी? लागलं काय?"

"आत्ता नाई. त्या दिवाळीले. तुमी येयाच्या आधी, दुपारी. मी रेसर घेऊन गेलो, पडलो, आनि पुसून ठेवली. संध्याकाळी तुमच्यानं काही तुटलं नव्हतं, साडभाऊ. थे माह्यानं झालं होतं."

साडभाऊंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी चाचांनीच विचारलं.

"कोन्या बाजूनं पडले, साहब?"

"उजव्या."

"उजव्या!" चाचांनी आरी फेकलीच. "अरे तो गेर खराब नाईच! पट्टी वाकली असन! सव्वीस साल लोकं गेर बदलून राहिले, स्प्रिंग बदलून राहिले, हात खराब हाये म्हनून राहिले. पडली हाये हे कोनी सांगतलंच नाई!"

त्यांनी कोपऱ्यातलं एक जुनं चाक ओढलं आणि त्याचा आस पट्टीच्या भोकात पिळून बसवला. आता सायकलला मागे दोन चाकं झाली, शेजारी शेजारी. सरळ पट्टीवर ती समांतर दिसली असती. इथे बाहेरचं चाक आतल्या चाकावर रेललं होतं, अगदी थोडं, दोन बोटं. डोळ्यांना नुसत्या पट्टीत हे कधीच दिसलं नसतं. चाचांनी चाक दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू बाहेर ओढलं. पोलाद कण्हलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा ओढलं. दहा मिनिटं. मग जुनं चाक काढून गिअर चढवला, सायकल टांगली, पायडल फिरवलं आणि दांडी ओढली.

टक. साखळी दुसऱ्या चक्रीवर. टक. तिसऱ्या. टक, टक. खर्र नाहीच! गल्लीतली पाच-सहा माणसं जमली होती, ती उगाचच टाळ्या वाजवू लागली. आणि साडभाऊंनी कोणालाही न विचारता सायकल खाली घेतली, टांग मारली आणि दिसेनासे झाले. गल्लीच्या टोकाहून टक टक ऐकू येत होतं.

(दातेरी चक्री अजून डब्यातच आहे. ती मेव्हणीच्या लेडीज सायकलला बसवावी काय, यावर सध्या परतवाड्याच्या बसमध्ये दोन तट आहेत.)

परत आले तेव्हा मी बाकड्यावरच होतो. शेजारी बसले. चाचांनी चहा सांगितला. मी माफी मागायला सुरुवात केली; पाठ केलेली होती, सव्वीस वर्षांची. अर्ध्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हे घरी सांगू नका, साडभाऊ."

"काहून? आता तरी तुमचं नाव साफ होऊ द्या."

"साफ कायले करता?" ते बशीत चहा ओतत म्हणाले. "तुमी तं दुसऱ्या दिवशी अकोल्याले निंघून गेले. तुमाले माईत नाई. दिवाळी झाली आनि पयल्याच रविवारी मामाजी माह्या खोलीवर आले. म्हने, हात सुधरा लागन तुहा, दर रविवारी येत जा. मले वाटलं सजा हाये. गेलो. चाकातल्या छऱ्या घासलेटात धुवाले लावल्या, तारा कसाले लावल्या. मंग लग्न झालं, पोरगी झाली, तरी रविवार चालूच. वीस वर्ष, साडभाऊ! घरात कोनाशी बोलत नसत थे मानूस, माह्याशी सारं बोले. कोन्त्या शर्यतीत मुद्दाम हारले, तेबी सांगतलं. तारा कसता कसता गात."

"मामाजी गात?"

"गात म्हनजे! कान देऊन तार वाजवत, आनि मंग त्याच सुरात गुनगुनत." त्यांनी बशी ठेवली. "म्हनून म्हनतो, थे मोडनं माह्याच नावावर राहू द्या. माहा हात चांगलाच होता असं निंघालं तं मंग वीस वर्ष रविवारी मी तिथी जाऊन काहून बसलो, असं होते ना."

माझ्या डोळ्यांसमोर आमचे मामाजी आले. मी गेलो की उठून उभे राहायचे. "बसा, जावईबापू," म्हणून मला खुर्ची द्यायचे, पेपरचं पहिलं पान माझ्या हातात द्यायचे आणि स्वतः आतलं घेऊन गप्प बसायचे. मला वाटायचं तो मान आहे. मानच होता.

"काय गात?" मी विचारलं.

साडभाऊंनी जरा आठवल्यासारखं केलं, मग बोटानं रेसरची एक तार छेडली आणि मान खाली घालून गुणगुणू लागले. त्यांना आवाज नाही. पण सूर कुठूनतरी धरलेला, नेमका होता. शब्द नव्हते. चाचासुद्धा हातोडी खाली ठेवून ऐकत राहिले. मी त्या घरचा थोरला जावई. मामाजींचं गाणं मी पहिल्यांदा तिथे ऐकलं, त्या बाकड्यावर, साडभाऊंच्या तोंडून. आणि चहा गार होईपर्यंत त्यांना थांबा म्हणायचं माझ्या मनात आलं नाही.